हे २२३ आलं कुठून?

विद्यापीठातल्या नोकरीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सरांनी माझ्यासमोर एक चिठ्ठी सरकवली. पाठकोरा कागद, त्यावर पेन्सिलीने तीन वजाबाक्या. पहिली ३०५ वजा १२८, उत्तर २२३. दुसरी ४०२ वजा १५७, उत्तर ३५५. तिसरी ६१३ वजा २४५, आणि उत्तराची जागा रिकामी. "तिसरीचं उत्तर लिही," म्हणाले. मी नुकतीच संख्याशास्त्राची डिग्री घेऊन आलेली, अंगात नको तेवढा उत्साह, फटकन ३६८ लिहून मोकळी झाले. सर म्हणाले, "तुझं उत्तर कोण विचारतंय? पहिल्या दोन ज्या मुलाने सोडवल्यात तो तिसरीला काय लिहील ते सांग."

मला कळेचना हे काय चाललंय. दोन्ही उत्तरं चुकलीयत हे दिसत होतं, पण चुकणारा माणूस पुढच्या वेळी कुठे चुकेल हे मी कसं सांगू, बरोबर उत्तर एक असतं आणि चुकीची ढीगभर, असं काहीतरी मी बोललेसुद्धा. सर आपले खिडकीबाहेर बघत बसले. पाच-सात मिनिटांनी ट्यूब पेटली. पाचातून आठ जात नाहीत ना, मग आठातून पाच घालवले, राहिले तीन. शून्यातून दोन जात नाहीत, मग दोनातून शून्य, राहिले दोन. तिनातून एक, दोन. झाले २२३. म्हणजे हा पोरगा हातचा घेतच नाही, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो आणि पुढे सरकतो. मी तिसरीच्या खाली ४३२ लिहिलं. सर म्हणाले, "हां. नियम अगदी काटेकोर पाळतोय बघ तो. नियम तेवढा त्याच्या घरचा आहे."

पुढे वाचनात आलं की ब्राउन आणि बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये नेमका यावरच पेपर लिहिला होता. त्यांनी कॉम्प्युटरवर एक खेळ केला होता, कॉम्प्युटर मुलाचं सोंग घेऊन चुकीच्या वजाबाक्या करणार आणि शिक्षकाने त्याच्या डोक्यातला नियम ओळखायचा. सरांनी माझ्यासोबत कागद-पेन्सिलीवर तोच खेळ केला होता. ही चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीय, पेन्सिल पार पुसट झालीय पण ४३२ वाचता येतं.

सांगायचं म्हणजे मी आयुष्यभर विद्यापीठात नोकरी केली पण कधी शिकवलं नाही, आणि लॅबमधलं संशोधनही केलं नाही. लोक विचारतात मग तू करतेस काय, तर मी म्हणते विद्यापीठ जगावर संशोधन करतं आणि आमचं ऑफिस विद्यापीठावर करतं. किती आले, किती गळाले, किती पास झाले, कोणत्या विषयात अडकले, आणि सगळ्यात शेवटी, ज्याचं उत्तर कोणालाच नीट देता येत नाही ते, शिकले काय. पहिले चार प्रश्न मोजणीचे आहेत, डेटा स्वच्छ असला की एक्सेलला सुद्धा जमतात (डेटा स्वच्छ कधीच नसतो, एकाच मुलीचं नाव तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी असतं, ती रडकथा पुन्हा कधीतरी). पाचव्या प्रश्नाने मात्र माझी उभी कारकीर्द खाल्ली.

कारण मार्क म्हणजे शिकणं असं सगळे धरून चालतात, मीही चालले होते. मग आमच्याकडे मॉडरेशन सुरू झालं. म्हणजे काय, तर एकाच उत्तराच्या झेरॉक्स दोन-तीन परीक्षकांना द्यायच्या आणि एकमेकांना न विचारता तपासायला सांगायचं. पहिल्याच बैठकीत एका १० मार्कांच्या उत्तराला एका सरांनी ४ दिले होते आणि एका मॅडमनी ८. दोघंही मुरलेले, दोघंही प्रामाणिक, कोणी झोपेत तपासलं नव्हतं. सरांचं म्हणणं, शेवटचं उत्तर चुकलंय, ४ दिले हेच खूप. मॅडमचं म्हणणं, अहो तिसऱ्या ओळीत एक चिन्ह उलटं पडलंय, बाकी सगळी वाट बरोबर चाललाय तो, त्या एका चिन्हासाठी किती कापायचे? दोघांचंही मला पटलं. मग आम्ही रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क द्यायचे याचे नियम, लिहायला बसलो, आणि एका शब्दावर तीन दुपारी गेल्या. शब्द होता 'पुरेसं'. 'पुरेसं स्पष्टीकरण दिल्यास ३ मार्क.' पुरेसं म्हणजे किती? कोणाला पुरेसं, विषय माहीत असलेल्याला की नसलेल्याला? तिसऱ्या दिवशी तो शब्द काढला आणि लिहिलं, 'हे सूत्र इथे का लागू पडतं याचं एक तरी कारण दिल्यास.' पुढच्या फेरीत त्याच दोघांमधला फरक एका मार्कावर आला. माझ्या कारकिर्दीतलं ते सगळ्यात मोठं संशोधन असं मी गमतीने म्हणते, एक विशेषण खोडलं.

ही दुखणी जुनी आहेत हे कळल्यावर जरा धीर आला. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी परीक्षेच्या मार्कांत नशिबाचा वाटा किती असतो यावर १८८८ मध्येच लिहून ठेवलंय. आणि १९१२ मध्ये स्टार्च आणि एलियट यांनी अमेरिकेत इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या शाळांना पाठवली, १४२ शाळांतून ती तपासून आली, १०० पैकी मार्क कुठे ६४ तर कुठे ९८. लोक म्हणाले भाषेचा विषय आहे, असं व्हायचंच. मग पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर फरक अजून वाढला! मला हा किस्सा फार आवडतो, विशेषतः गणितवाले मीटिंगमध्ये "आमच्याकडे असलं काही नसतं" म्हणतात तेव्हा.

आणि एकमत झालं म्हणून लगेच हुरळून जायचं नाही हेही इथेच शिकले. समजा दोन परीक्षक आहेत आणि दोघंही १० पैकी ९ जणांना पास करतात. दोघांनी डोळे मिटून शिक्के मारले तरी दोघांकडे पास होणारे शंभरात ८१ आणि दोघांकडे नापास होणारा १, म्हणजे ८२ टक्के एकमत फुकटात. रिपोर्टात "परीक्षकांचं ८५ टक्के एकमत" असं छापून आलं की दिसायला भारी दिसतं, प्रत्यक्षात त्यातलं कमावलेलं फार थोडं. हे फुकटचं एकमत वजा करायचं सूत्र कोहेन यांनी १९६० मध्ये दिलं, कप्पा म्हणतात त्याला. पण कप्पाचा आकडा छोटा दिसतो म्हणून तो रिपोर्टात घालायला कोणाचा हात धजत नाही.

आता मूळ विषयाकडे येते, चुकीच्या उत्तरांकडे.

ऑब्जेक्टिव्ह पेपरचा निकाल लागला की आमच्याकडे आयटम अ‍ॅनालिसिस करतात. सगळे विद्यार्थी एकूण मार्कांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचे, वरचे २७ टक्के एका बाजूला, खालचे २७ टक्के दुसऱ्या बाजूला, मधल्यांना सोडून द्यायचं. (२७ च का, तर केली नावाच्या माणसाने १९३९ मध्ये गणित करून दाखवलंय, वरचे-खालचे गट मोठे हवेत आणि एकमेकांपासून लांबही हवेत, या ओढाताणीचा मध्य २७ वर येतो.) मग एकेका प्रश्नाला वरच्यांपैकी किती टक्क्यांनी बरोबर सोडवला आणि खालच्यांपैकी किती टक्क्यांनी, ही वजाबाकी. चांगल्या प्रश्नात ती भरपूर येते. शून्याजवळ आली तर प्रश्न फुकट गेला. आणि उणे आली तर? म्हणजे हुशार पोरं चुकली आणि काठावरची बरोबर आली, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

एका वर्षी एका पेपरात १७ वा प्रश्न उणे आला, थोडाथोडका नाही, चांगला ठसठशीत उणे. प्रश्न होता, पी व्हॅल्यू ०.०३ आली याचा अर्थ काय? (नल हायपोथेसिस म्हणजे 'खरा फरक काहीच नाही' हे गृहीतक.) पर्याय 'ब': नल हायपोथेसिस खरी असण्याची शक्यता ३ टक्के. पर्याय 'क': नल हायपोथेसिस खरी धरली तर असा किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता ३ टक्के. आन्सर की मध्ये 'ब'. आणि वरच्या गटातली पोरं एकजात 'क' वर. मी स्क्रीनकडे बघत बसले, कारण 'क' च बरोबर आहे, 'ब' ही जगप्रसिद्ध चूक आहे. धीर करून शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो मॅडम, दोन्ही एकच की हो! भाषा तेवढी वेगळी." मी म्हटलं सर, पाऊस पडला तर रस्ता ओला असण्याची शक्यता आणि रस्ता ओला आहे तर पाऊस पडला असण्याची शक्यता, हे एकच का? पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "फेरतपासणी लावा सगळ्यांची. आणि एक काम करा, हे पाऊस-रस्त्याचं मला लिहून पाठवा, उद्या वर्गात सांगतो."

त्या सरांविषयी मला आदरच वाटला, कारण दुसऱ्या कोणी फोन आपटला असता. आणि ही चूक काही त्यांच्या एकट्याची नाही. हालर आणि क्राउस यांनी २००२ मध्ये जर्मनीतल्या सहा विद्यापीठांतल्या मानसशास्त्र विभागांत याच पी व्हॅल्यूबद्दल सहा चुकीची विधानं पुढे ठेवली, संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांपैकीच ८० टक्के लोकांनी त्यातलं निदान एक तरी बरोबर मानलं. विद्यार्थ्यांचं विचारूच नका, शंभर टक्के. पण माझ्या डोक्यात राहिली ती वेगळी गोष्ट. त्या पोरांनी त्या एका मार्काबद्दल तक्रार केली नव्हती. एकानेही नाही. बरोबर उत्तर लिहून, मार्क गमावून, आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून गप्प बसली होती. तो उणे आकडा आला नसता तर ती पुढच्या वर्षी 'ब' लिहायला लागली असती, आणि आम्ही म्हणालो असतो, प्रगती आहे.

आता माझ्या स्वतःच्या एका प्रतापाबद्दल सांगते, कारण दुसऱ्यांच्या आन्सर कीवर बोट ठेवणं सोपं आहे. एका विषयात जादा ट्यूटोरियल सुरू केले होते, वर्षाच्या शेवटी सरासरी घसघशीत वाढली. मी ग्राफ काढला, हिरवा रंग दिला, मीटिंगमध्ये दाखवला, टाळ्या पडल्या, योजना आणखी चार विषयांना लावायचं ठरलं. मी तरंगतच बाहेर आले. दोन दिवसांनी परीक्षा विभागात कामासाठी गेले तर तिथले काका, ज्यांनी हयात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधण्यात घालवली, सहज म्हणाले, "मॅडम, त्या विषयाचा गठ्ठा यंदा फार बारीक होता हो, एका सुतळीत बसला."

माझ्या पोटात गोळा आला. मी सरासरी काढली होती, किती जणांची ते बघितलंच नव्हतं. ट्यूटोरियलला दर आठवड्याला टेस्ट होती, तिला घाबरून कच्च्या पोरांनी सत्राच्या मध्यातच विषय सोडला होता. मागे राहिले ते आधीपासूनच बरे असलेले. कोणी एक अक्षर जास्त शिकलं नसतं तरी सरासरी वाढलीच असती. दुरुस्तीचं पत्र लिहिलं, त्याला टाळ्या पडल्या नाहीत. योजना मात्र चार विषयांत सुरू झालीच, एकदा हिरवा ग्राफ लोकांच्या डोळ्यांत गेला की तो मागे घेता येत नाही.

एकूण आकडा किती लबाड असतो याचं आमच्या धंद्यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं बर्कली विद्यापीठ. १९७३ साली तिथल्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के घेतले गेले आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के. उघड उघड भेदभाव वाटतो. मग बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभागवार आकडे फोडले तर बहुतेक विभागांत स्त्रियांवर अन्याय दिसेचना, एकत्रित हिशोबात तर थोडा कल स्त्रियांच्या बाजूनेच निघाला, झालं असं होतं की बायकांचे अर्ज जास्त करून अशा विभागांत होते जिथे कोणालाच सहज प्रवेश मिळत नव्हता. (याचा अर्थ सगळं आलबेल होतं असं नाही, बायका त्याच विभागांकडे का वळल्या हा प्रश्न उरतोच, पण तो प्रवेश समितीच्या आधीचा प्रश्न.) हे मी त्या फजितीच्या किती आधी वाचलं होतं माहितीये? चार वर्षं. दुसऱ्यांना समजावूनसुद्धा सांगितलं होतं. तरी सुतळीवाल्या काकांनी सांगावं लागलं. तेव्हापासून कुठलीही सरासरी बघायच्या आधी मी विचारते, गठ्ठा केवढा होता.

मधली काही वर्षं आउटकमच्या पुरात वाहून गेली. प्रत्येक विषयाला आउटकम लिहा, म्हणजे तो शिकल्यावर मुलाला काय यायला हवं ते, प्रत्येक आउटकमला क्रियापद लावा, क्रियापद ब्लूमच्या यादीतूनच घ्या. ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये आठवण्यापासून मूल्यमापनापर्यंत शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, २००१ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या, काम उत्तमच आहे, पण आमच्याकडे त्यातली फक्त क्रियापदं पोचली. 'समजून घेईल' चालणार नाही, 'विश्लेषण करेल' लिहा. मी स्वतः असे शेकडो फॉर्म तपासून परत पाठवलेत, 'समजणे' शब्दाखाली लाल रेघ मारून, आणि आज त्याची लाज वाटते. कारण 'विश्लेषण करा' असा प्रश्न टाकला आणि त्याचं विश्लेषण नोट्समध्ये तयार लिहिलेलं असलं तर पोरगं पाठांतरच करतंय, पायरी क्रमांक एक. उलट 'असं का होतं?' एवढाच साधा प्रश्न, वर्गात कधी न दाखवलेल्या परिस्थितीबद्दल विचारला, तर सहाच्या सहा पायऱ्या चढायला लावतो. पायरी क्रियापदात नसतेच मुळी, त्या मुलाने आधी काय बघितलंय त्यात असते. मग वरून निरोप आला की आउटकम ७० टक्क्यांच्या वर गेले पाहिजेत, आणि काय आश्चर्य, गेले! पेपर कोणाच्या हातात होते, ज्यांना तो आकडा गाठायचा होता त्यांच्याच. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये हे पैशाच्या धोरणाबद्दल म्हटलं होतं, एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब दिला की तो आकडा पूर्वीसारखा वागत नाही. बँकांना लागू पडतं ते पेपर काढणाऱ्यांना लागू पडायला काय झालं.

त्या काळात मला तारलं ते भौतिकशास्त्राने, मी त्यातली नसून. तिकडे हेस्टेनिस आणि मंडळींनी १९९२ मध्ये एक टेस्ट प्रसिद्ध केली होती, फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी. सूत्र नाही, आकडेमोड नाही, प्रश्न म्हणजे अगदी रोजचे. मोठा ट्रक छोट्या गाडीला धडकला, कोणाने कोणाला जास्त जोर लावला? चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटून वर जाताना त्याच्यावर काय काय बल आहे? खुबी चुकीच्या पर्यायांत होती. ते कोणाच्या मनातून आलेले भरताड पर्याय नव्हते, विद्यार्थी खरोखर जसा विचार करतात तेच तिथे लिहून ठेवलं होतं. चेंडू वर जातोय म्हणजे हाताचा जोर अजून त्याच्यात शिल्लक असणार आणि तो हळूहळू संपतोय, हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला, कारण मलाही मनातून तेच वाटत होतं, परीक्षेत मी 'फक्त गुरुत्वाकर्षण' लिहून मार्क घेतले होते ते सोडा.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांचा किस्सा याच टेस्टचा आहे. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते, त्यांना वाटलं ही टेस्ट म्हणजे पोरखेळ. पेपर वाटल्यावर एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही शिकवलंय तसं उत्तर लिहू की मला खरं वाटतं तसं? मी हा प्रश्न वाचला आणि त्या दिवशी काम केलं नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन वह्या असतात आणि आम्ही वर्षानुवर्षं एकाच वहीला मार्क देतोय, हे इतक्या सरळपणे कुठल्या रिपोर्टात आलं नव्हतं. मझूर यांनी मग शिकवायची पद्धतच बदलली, वर्गात प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा उत्तर द्यायचं. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ कोर्स आणि ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. सत्राच्या सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं शेवटी किती यायला लागलं, हे मोजलं. नेहमीच्या लेक्चरमध्ये सरासरी २३ टक्के, मुलांना बोलतं-भांडतं ठेवणाऱ्या कोर्समध्ये ४८ टक्के. दुप्पट. गंमत म्हणजे मुलांना स्वतःला हे जाणवत नाही. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये डेलॉरिये आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्गात झगडणारी मुलं जास्त शिकतात पण आपण कमी शिकलो असं सांगतात, आणि गुळगुळीत लेक्चर ऐकणाऱ्यांना वाटतं वा, काय शिकलो. आमच्या ऑफिसातले फीडबॅक फॉर्मचे ढीग मी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघायला लागले. जास्त काही बोलत नाही, त्या फॉर्मवर लोकांची प्रमोशनं अवलंबून असतात.

तर मीही शेवटी शेवटी एक काम स्वतःचं म्हणून केलं. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक जुना प्रश्न असतो. एक आजार १०० पैकी एकाला असतो. टेस्ट अशी की आजार असेल तर ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते, नसेल तरी ९ टक्के वेळा उगाच पॉझिटिव्ह येते. एका व्यक्तीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तिला आजार असण्याची शक्यता किती? मी विषयाच्या मॅडमना म्हटलं, मार्कलिस्ट नको, मला चुकलेल्या उत्तरपत्रिका द्या. गठ्ठा घेऊन बसले आणि उत्तरांच्या चवड्या लावल्या.

सगळ्यात उंच चवड ९० ची. यांनी प्रश्न उलटा वाचलाय, तेच पाऊस आणि रस्ता. मग ८१, म्हणजे नव्वदातून नऊ वजा, खोट्या पॉझिटिव्हचं काहीतरी करायला पाहिजे एवढं कळलंय, काय ते नाही. मग ९१, शंभरातून नऊ. मग ०.९, म्हणजे १ टक्क्याचे ९० टक्के, ही मंडळी अर्ध्या वाटेपर्यंत एकदम बरोबर आली आणि तिथेच बसली. दोघा-तिघांनी १० लिहिलं होतं, त्यांच्याकडे बघून मला वाटलं अरे हे तर जवळ आले, पण त्यांनी ०.९ ला ९ ने भागलं होतं, वाट पार दुसरी. आणि एकाने ३३. याने फार छळलं, मग लक्षात आलं, १ अधिक ९० अधिक ९, भागिले तीन! दिलेले सगळे आकडे वापरलेच पाहिजेत या प्रामाणिक भावनेतून सरासरी काढली होती पठ्ठ्याने. या सगळ्यांना शून्य मार्क होते, सारखेच शून्य.

या चवड्या मी मॅडमच्या टेबलावर तशाच नेऊन ठेवल्या. पुढच्या तासाला त्यांनी टक्के बंद केले आणि माणसं मोजायला लावली. १००० माणसं. आजारी १०, त्यातले पॉझिटिव्ह ९. निरोगी ९९०, त्यातले उगाच पॉझिटिव्ह साधारण ८९. पॉझिटिव्ह एकूण ९८, त्यात खरे आजारी ९. म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास. वर्गात "अय्यो" असा एक आवाज आला म्हणे. ही युक्ती आमची नाही, गिगेरेंझर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये छापलंय, १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना याच आकड्यांवर प्रश्न विचारला, पर्याय दिलेले असून सुरुवातीला २१ टक्केच बरोबर आले, आणि असं माणसं मोजून विचार करायला शिकवल्यावर ८७ टक्के. डॉक्टर लोकांचीही उंच चवड आमच्यासारखीच होती, ९० आणि ८१. मॅडमनी पुढच्या टेस्टला आजार बदलून, आकडे बदलून तोच प्रश्न दिला. नव्वदवाली चवड जवळजवळ नाहीशी झाली. एक्क्याऐंशीवाले मात्र चिवट निघाले, काही वजाबाकी सोडायलाच तयार नव्हते.

हे सगळं हाताने लिहिलेल्या पेपरांवर झालं म्हणून झालं. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणायच्या असाइनमेंट बघता बघता चकाचक झाल्या. सगळे कॉपीबद्दल ओरडत होते, ते ठीकच आहे, माझी अडचण वेगळी होती. मला वाचायला काही उरलं नाही. चाळीस असाइनमेंट, चाळीस नीटनेटकी उत्तरं, कोणी उलटं वाचलेलं नाही, कोणी सरासरी काढलेली नाही, कोणी अर्ध्या वाटेत बसलेलं नाही. सरासरी मात्र मस्त वाढली, हिरवा ग्राफ काढण्याजोगी! एक-दोघांना बोलावून म्हटलं हे तोंडी समजावून सांग, तर पहिल्याच वाक्यात ९०. चूक जिथल्या तिथे होती, कागदावर येणं तेवढं थांबलं होतं. आम्ही मग तासाच्या शेवटी पाच मिनिटांत अर्ध्या पानावर लिहून घ्यायला सुरुवात केली, फोन पिशवीत, मार्क नाहीत. मार्क नाहीत म्हटल्यावर पोरं खरं लिहायला लागली, खाडाखोड, बाण, "इथे अडकलो" असं सुद्धा.

सर आता नाहीत. त्या पहिल्या गठ्ठ्यातलं एक पान मात्र मी परत केलं नाही, मॅडमना सांगून ठेवून घेतलं. त्याच आजाराच्या प्रश्नाचं उत्तर, ६४ टक्के. खाली दोन रेघा मारून, आत्मविश्वासाने. कच्चं काम काही नाही, कोपऱ्यात फक्त एक खोडलेला ८. नव्वदातून काय वजा केलं तर ६४ येतील, २६. हे २६ कुठून आणलं? आठ आठे चौसष्ट, पण मग आठ कुठला? ९ मधून १ गेला की ८, बरं, पण वर्ग कशाला करेल कोणी? हे पान सरांच्या चिठ्ठीशेजारीच ठेवलंय. परवा पुन्हा काढून बसले होते, तासभर गेला.